बुद्धी वारशाने मिळते की परिस्थितीने घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. दुसरा आणि तिसरा प्रश्न मात्र वगळू नका, कारण ते समजल्याशिवाय पुढचे सगळे आकडे चुकीचे वाचले जातात.

बुद्ध्यांक म्हणजे नेमकं काय मोजतात?

शब्दांचे अर्थ सांगणं, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणणं, आकृत्यांच्या मालिकेतली पुढची आकृती ओळखणं, चिन्हं भराभर जुळवणं अशी वेगवेगळी कामं देतात आणि मिळालेले गुण त्याच वयाच्या इतरांशी ताडून पाहतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ धरलेलं असतं. त्यामुळे दर १०० जणांतले साधारण ६८ जण ८५ ते ११५ मध्ये बसतात आणि ९५ जण ७० ते १३० मध्ये.

यात चिकाटी येत नाही, कल्पकता येत नाही, माणसं सांभाळायची हातोटी येत नाही. तरीही चाचणी निरर्थक ठरत नाही. एका प्रकारच्या कामात पुढे असणारी व्यक्ती इतर प्रकारांतही सहसा पुढे असते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवलं आणि ते पुढे असंख्य वेळा पडताळून झालं आहे. शालेय गुणांशीही बुद्ध्यांकाचा संबंध भक्कम आहे.

“बुद्धी ५० टक्के आनुवंशिक असते” म्हणजे मुलाची अर्धी बुद्धी आईवडिलांकडून येते का?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. हा आकडा कुठल्याही एका व्यक्तीबद्दल काहीच सांगत नाही. ठरावीक काळात, ठरावीक लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. अभ्यासक याला हेरिटॅबिलिटी म्हणतात. इथे आपण ‘आनुवंशिक वाटा’ म्हणू.

हाताला पाच बोटं येतात ती जनुकांमुळेच. पण प्रौढांमधल्या बोटांच्या संख्येतला फरक मोजायला गेलं, तर त्याचा आनुवंशिक वाटा फारच कमी भरेल, कारण चारच बोटं असलेल्या बहुतेकांनी पाचवं अपघातात गमावलेलं असतं. गुण पूर्णपणे जनुकांनी घडवलेला आणि तरी आनुवंशिक वाटा नगण्य, असं होऊ शकतं ते असं.

उलट, समूहातल्या सगळ्या मुलांना तंतोतंत सारखं घर, सारखी शाळा आणि सारखा आहार मिळाला, तर उरलेला फरक जवळपास सगळा जनुकांचाच असेल आणि आनुवंशिक वाटा वर जाईल. म्हणून ५०, ६० किंवा ७० टक्के हे आकडे निसर्गाने ठरवून दिलेले स्थिरांक नाहीत. परिस्थिती बदलली की तेही बदलतात.

मग हा वाटा काढतात कसा?

सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत जुळ्यांची आहे. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. द्विबीज जुळी ही जनुकांच्या दृष्टीने साधी भावंडं; आईवडिलांकडून येणाऱ्या ज्या जनुकांत फरक पडतो, त्यांतली सरासरी निम्मी त्यांच्यात सारखी असतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. तेव्हा एकबीज जोडीत जे जास्तीचं साम्य दिसतं, ते जनुकांच्या खात्यात टाकायचं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार आणि मॅट मॅग्यू यांनी १९८१ मध्ये १११ अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. सहसंबंध म्हणजे जोडीतले दोन आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात त्याचं माप: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ. एकत्र वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या बुद्ध्यांकांचा सहसंबंध ०.८६ आला, द्विबीज जुळ्यांचा ०.६०. आता हिशेब असा:

आनुवंशिक वाटा: दोन्ही सहसंबंधांतला फरक दुप्पट करा. ०.८६ वजा ०.६० बरोबर ०.२६, दुप्पट ०.५२.
सामायिक परिस्थितीचा वाटा, म्हणजे दोघांना सारखंच मिळालेलं घर, शाळा, आहार: ०.८६ मधून ०.५२ वजा केले की ०.३४.
उरलेला वाटा: १ वजा ०.८६ बरोबर ०.१४. यात एकट्याच्याच वाट्याला आलेले अनुभव येतात, आजारपणं येतात आणि चाचणीतली मोजमापाची चूकही येते.

हिशेब दोन मिनिटांचा असला तरी त्यामागची गृहीतकं नाजूक आहेत. एकबीज जुळ्यांना घरचे आणि शिक्षक जास्त सारखं वागवत असतील, तर आनुवंशिक वाटा फुगतो. हुशार माणसं हुशार जोडीदार निवडत असतील, तर द्विबीज जुळ्यांतलं साम्य वाढतं आणि वाटा खोटाच कमी दिसतो. वाचनाची आवड असलेल्या आईवडिलांकडून मुलाला जनुकं मिळतात आणि पुस्तकांनी भरलेलं घरही मिळतं. या दोन गोष्टी वेगळ्या काढायला ही पद्धत अपुरी पडते. शिवाय अत्यंत गरीब घरातली जुळी अशा अभ्यासांत क्वचितच सापडतात, म्हणजे परिस्थितीतली सगळ्यात मोठी दरी हिशेबाबाहेरच राहते.

वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांनी वाद मिटवला नाही का?

मिटवला नाही, पण मोठा पुरावा दिला. मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून बूशार यांच्या गटाने ताटातूट झालेली जुळी शोधून तपासली. १९९० मध्ये त्यांनी बुद्ध्यांकातल्या फरकाचा आनुवंशिक वाटा सुमारे ७० टक्के असल्याचं मांडलं. इथेही मर्यादा आहेत. काही जोड्या मोठेपणी एकमेकांना भेटलेल्या होत्या आणि दत्तक देणाऱ्या संस्था सहसा बऱ्या परिस्थितीतलीच घरं निवडतात. ‘वेगळी’ घरं फारशी वेगळी नसतील, तर परिस्थितीचा परिणाम दिसणार कसा?

सिरिल बर्ट यांचा घोटाळा काय होता?

हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं ताटातूट झालेल्या जुळ्यांची आकडेवारी छापत राहिले. जोड्यांची संख्या २१ वरून ५३ पर्यंत वाढली, तरी सहसंबंध तिसऱ्या दशांशापर्यंत तोच राहिला: ०.७७१. खऱ्या मोजमापात असं होत नाही. लिओन कामिन यांनी १९७० च्या दशकात हे उघड केलं आणि आज ही आकडेवारी कुणीच वापरत नाही. ती पूर्ण वगळली तरी इतर जुळ्यांच्या अभ्यासांचे निष्कर्ष जवळपास तेच राहतात, हेही तितकंच खरं आहे.

मूल मोठं होत जातं तसा परिस्थितीचा प्रभाव वाढत असेल ना?

तर्काने तसं वाटतं, पण दिसतं उलट. चार देशांतल्या सुमारे ११,००० जुळ्यांच्या जोड्यांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिक वाटा ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५ टक्के आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के आढळला.

सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं: लहानपणी मुलाचा दिवस मोठी माणसं आखतात. वाढत्या वयात मूल स्वतःची परिस्थिती स्वतः निवडू लागतं. ज्याला गणित थोडं सोपं जातं, ते जास्त गणितं सोडवतं, तशाच मित्रांत रमतं, शिक्षकही त्याला अवघड उदाहरणं देतात. सुरुवातीचा छोटा फरक असा वाढत जातो. म्हणजे ज्याला आपण आनुवंशिक वाटा म्हणून मोजतो, त्यातला काही भाग परिस्थितीच्याच वाटेने आलेला असतो. निवड करायला वाव असेल तरच हे घडतं, हे विसरू नका. दहावीनंतर कामाला जुंपलेल्या मुलीला स्वतःची परिस्थिती निवडता येत नाही.

बुद्धीचं जीन सापडलं आहे का?

एक जीन नाही. हजारो आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम अगदी बारीक. २०१८ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार लोकांच्या तपासणीतून बुद्धीच्या चाचण्यांशी संबंधित २०५ जागा जनुकसंचात सापडल्या. शिक्षणाची वर्षं हा निकष घेऊन ११ लाख लोकांवर झालेल्या अभ्यासात १,२७१ ठिकाणं मिळाली. जनुकसंचातले असे असंख्य बारीक फरक जोडून जो गुणांक बनवतात, त्याने बौद्धिक चाचण्यांतल्या फरकाचा जेमतेम ७ ते १० टक्के भाग सांगता येतो. जुळ्यांच्या अभ्यासातले ५० टक्के कुठे आणि हे कुठे! या तफावतीचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्यातही एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली की या गुणांकाची ताकद साधारण निम्मी होते. आइसलँडमधल्या २०१८ च्या अभ्यासाने कारण दाखवलं. आईवडिलांची जी जनुकं मुलाकडे आलीच नाहीत, त्यांचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध निघाला आणि तो मुलाकडे आलेल्या जनुकांच्या जवळपास ३० टक्के होता. न आलेलं जनुक मुलाच्या मेंदूत काही करू शकत नाही. ते आईवडिलांच्या वागण्यातून, घरातल्या वातावरणातून काम करतं.

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” हे कितपत खरं?

सरासरीपुरतं थोडं खरं, एकेका मुलापुरतं फारसं नाही. समजा आईवडील दोघांची सरासरी १३० आहे आणि आनुवंशिक वाटा ५० टक्के धरला. नुसत्या जनुकांच्या हिशेबाने त्यांच्या मुलांचा अंदाज ११५ च्या आसपास येतो, १३० नाही. तसंच ८५ सरासरीच्या आईवडिलांच्या मुलांचा अंदाज ९२-९३ निघतो. दोन्ही टोकांची पुढची पिढी मध्याकडे सरकते. त्या अंदाजाभोवतीही पसारा मोठा असतो. सख्ख्या भावंडांचा सहसंबंध ०.५ च्या जवळ आहे; त्यातून हिशेब केला तर दोन सख्ख्या भावंडांत सरासरी १२ गुणांचं अंतर पडतं. रस्त्यावरच्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांत ते १७ असतं. थोरला डॉक्टर झाला म्हणून धाकट्यावर वैद्यकीय प्रवेशाचं ओझं टाकणाऱ्या घरांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आनुवंशिक आहे म्हणजे बदलता येत नाही, असंच ना?

बिलकुल नाही. फेनिलकीटोन्युरिया या आजारात एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, फेनिलअ‍ॅलानिन हा घटक शरीरात साठतो आणि मेंदूचं गंभीर नुकसान होतं. आजार शंभर टक्के आनुवंशिक, उपाय मात्र आहार. जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन निदान केलं आणि तो घटक कमी असलेला आहार लगेच सुरू केला, तर मुलाची बुद्धी सर्वसाधारण राहते. जन्मजात थायरॉईडची कमतरता याच तपासणीत कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर नुकसान टळतं. प्रसूतीनंतर नवजात बाळाच्या तपासणीबद्दल रुग्णालयात आवर्जून विचारा. बुद्धी वाचवण्याचा इतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा मार्ग क्वचितच असेल.

परिस्थिती बदलली तर बुद्ध्यांक किती वाढू शकतो?

परिस्थिती आधी किती वाईट होती आणि बदल कोणत्या वयात झाला, यावर ते ठरतं.

फ्रान्समध्ये मिशेल द्युम यांच्या गटाने हेळसांड झालेल्या आणि ४ ते ६ वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या ६५ मुलांचा मागोवा घेतला. दत्तक जाण्याआधी त्यांची सरासरी ७७ होती. किशोरवयात, कमी उत्पन्नाच्या घरात गेलेली मुलं ८५ वर होती, मध्यम घरातली ९२ वर आणि सुस्थितीतली ९८ वर. स्वीडनमध्ये एक भाऊ दत्तक गेलेला आणि दुसरा जन्मदात्या घरी वाढलेला, अशा ४३६ जोड्या तपासल्या. दत्तक गेलेले भाऊ सरासरी ४.४ गुणांनी पुढे होते.

रुमानियातला प्रयोग मन हेलावणारा आहे. बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बाळांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना पालनपोषण करणाऱ्या कुटुंबांत ठेवलं. साडेचार वर्षांच्या वयात अनाथालयातल्या मुलांची सरासरी ७३ होती, कुटुंबांत गेलेल्यांची ८१ आणि कधीच अनाथालयात न गेलेल्या मुलांची १०९. साधारण दोन वर्षांच्या आत जी बाहेर पडली, त्यांचा फायदा सगळ्यात मोठा. सगळं नुकसान भरून निघालं नाही.

शाळेने बुद्धी वाढते की हुशार मुलंच जास्त शिकतात?

दोन्ही. सक्तीच्या शिक्षणाची वर्षं वाढवल्यावर काय झालं यासारख्या सहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झालं. शाळेचं एक जास्तीचं वर्ष बुद्ध्यांकात १ ते ५ गुणांची भर घालतं आणि ती वाढ म्हातारपणापर्यंत टिकलेली दिसते. आज हाताशी असलेल्या उपायांत इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाचाच नाही.

मग घरात नेमकं काय करायचं?

आधी अडथळे काढा. तीन मोठे आहेत.

आयोडीन: गर्भारपणात आणि पहिल्या दोन वर्षांत आयोडीनची तीव्र कमतरता असेल, तर लोकसमूहाची सरासरी १२-१३ गुणांनी खाली येऊ शकते. भारतात आयोडीनयुक्त मिठात कारखान्यात ३० पीपीएम आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ पीपीएम आयोडीन असणं अपेक्षित आहे. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला रोज १५० लागतात, गरोदर स्त्रीला २५०. घोळ होतो तो साठवणीत: मीठ उघड्या बरणीत, शेगडीजवळ किंवा दमट जागी ठेवलं की आयोडीन उडतं. बरणी घट्ट झाकणाची घ्या आणि मीठ शक्यतो शिजवण्याच्या शेवटी घाला. उपवासापुरतं सैंधव ठीक; पण ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात तेच वापरणाऱ्या घरात गरोदर बाई असेल, तर हा बदल थांबवा. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. पुरेसं मिळत असताना जास्तीचं घेऊन मात्र हुशारी वाढत नाही, उलट थायरॉईड बिघडू शकतं.

लोह: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षय असलेल्या शाळकरी मुलांना लोह दिल्यावर चाचण्यांतले गुण सुधारल्याचे प्रयोग आहेत. जेवणाबरोबर चहा दिला तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू पिळलं तर शोषण वाढतं. गोळ्या-औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्या आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका, लोहाची जास्त मात्रा लहान मुलांच्या जिवावर बेतते.

शिसे: याची सुरक्षित पातळी नाही. सात अभ्यास एकत्र केले तेव्हा रक्तातलं शिसं दर डेसिलिटरमागे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमवर गेल्यास सुमारे ३.९ गुणांची घट दिसली. पुढे २० पर्यंत आणखी १.९. म्हणजे पहिले थोडे मायक्रोग्रॅमच जास्त नुकसान करतात. पेट्रोलमधलं शिसं भारतात २००० साली बंद झालं, घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आहे. उरलेले धोके: भिंतीचे जुने पोपडे, चमकदार पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळलेली हळद, सुरमा आणि काही काजळं, काही शेंदूर, काही रसौषधी (धातूंपासून केलेली आयुर्वेदिक औषधं), आणि घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम. बाळाच्या डोळ्यांत बाहेरचं काजळ घालू नका. जुना रंग कोरडा खरवडू नका. ओला करून काढा, तेवढे दिवस मुलांना दुसरीकडे ठेवा. शंका असेल तर शिरेतून रक्त घेऊन शिशाची चाचणी होते.

अडथळे दूर झाल्यावर बोलणं आणि खेळणं. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर प्रयोग सुरू झाला. ज्या गटाला खेळाची शिकवण मिळाली, त्यांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला एक तास जायची आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, बोलायचं ते दाखवायची. खेळणी घरच्याच वस्तूंची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती.

गर्भसंस्कार, मोझार्टचं संगीत, ब्राह्मी?

संगीताने बुद्धी वाढते हा समज १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून पसरला. तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता, परिणाम अवकाशीय कोड्यांपुरता आणि दहा-पंधरा मिनिटंच टिकला. गर्भातल्या बाळाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. गर्भसंस्काराच्या सीडी आणि वर्गांनी बुद्ध्यांक वाढल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. आईला शांत वाटत असेल तर गाणी जरूर ऐकावीत. पण त्याआधी फॉलिक अ‍ॅसिड, लोहाच्या गोळ्या, थायरॉईडची तपासणी आणि दारू-तंबाखू-मिश्रीपासून लांब राहणं. बाळाच्या मेंदूसाठी ब्राह्मी किंवा दुसरं कुठलं औषध घ्यायचं असेल, तर त्यात कुठले धातू आहेत हे आधी विचारा.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता कळते का?

नाही. डीएमआयटी नावाने शाळांत विकल्या जाणाऱ्या या तपासणीला वैज्ञानिक आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तसं स्पष्ट केलं आहे. पैसे वाचवा.

“मुलाचे पाय पाळण्यात दिसतात” हे तरी?

पाळण्यात फारसं दिसत नाही. वर्षाच्या बाळाच्या विकासचाचणीवरून पुढच्या बुद्ध्यांकाचा अंदाज फार कच्चा येतो. लवकर चालणं-बोलणं म्हणजे हुशारी नव्हे. शाळेच्या वयापासून मात्र मुलांचा आपापसातला क्रम बराच टिकतो. स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या मुलांची १९३२ मध्ये एकाच वेळी परीक्षा झाली होती. त्यातल्या ॲबर्डीनमधल्या १०१ जणांनी ७७ व्या वर्षी तीच परीक्षा पुन्हा दिली, तेव्हा दोन्ही गुणांचा सहसंबंध ०.६३ आला. मजबूत आहे, पण वर-खाली व्हायलाही पुष्कळ जागा आहे.

बुद्ध्यांक पिढ्यान्‌पिढ्या वाढत आहे म्हणतात. जनुकं इतक्या लवकर बदलतात?

बदलत नाहीत, म्हणूनच ही वाढ परिस्थितीच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की विसाव्या शतकात अनेक देशांत दर दशकाला सुमारे ३ गुणांची वाढ झाली. शिक्षण, आहार, लहान कुटुंबं, अमूर्त विचाराची सवय, सगळ्यांचा हात असावा. नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्या मुलग्यांत गुण उतरू लागले आणि ही घसरण सख्ख्या भावांमध्येही दिसली. तिचंही कारण परिस्थितीतच आहे.

जातीजातींत किंवा वंशावंशांत दिसणारा फरक आनुवंशिक आहे का?

समूहाच्या आतला आनुवंशिक वाटा कितीही मोठा असला, तरी दोन समूहांमधल्या अंतराबद्दल त्यावरून काहीच म्हणता येत नाही. एकाच पोत्यातली ज्वारी दोन वावरांत पेरा, एक काळ्या कसदार जमिनीत पाण्यासह आणि दुसरी मुरमाड माळावर. प्रत्येक वावरात ताटांच्या उंचीतला फरक बियाण्याचा असेल. दोन वावरांतलं अंतर मात्र सगळं जमिनीचं. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्याच दाखल्याने हे मांडलं आणि त्याचं खंडन झालेलं नाही.

भारतातला एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात न उच्चारता काम दिलं तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच, जनुकं तीच, बदलली ती फक्त खोलीतली एक घोषणा. पटावरून जात मोठ्याने वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

जनुकीय गुणांकांनी हा प्रश्न सुटत नाही. ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनवलेले आहेत. ११ लाख लोकांवरून बनवलेला गुणांक कृष्णवर्णीय अमेरिकनांना लावला, तेव्हा त्याची ताकद १०-११ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आसपास आली. मराठी मुलाच्या लाळेवरून ‘बुद्धीचा अहवाल’ देणाऱ्या कंपन्यांवर विश्वास ठेवू नये, त्याचं हे एक कारण.

गरीब घरात जनुकांचा वाटा कमी असतो का?

अमेरिकेत तसं दिसलं. एरिक टर्कहायमर यांच्या २००३ च्या अभ्यासात गरीब घरांतल्या ७ वर्षांच्या जुळ्यांत सुमारे ६० टक्के फरक सामायिक परिस्थितीचा होता आणि जनुकांचा जवळजवळ शून्य. सुस्थितीतल्या घरांत नेमकं उलट. पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या माहितीत हा नमुना दिसत नाही. तिथली सार्वजनिक आरोग्यसेवा आणि शाळा गरिबांनाही बऱ्यापैकी पोचतात, हे त्याचं संभाव्य कारण.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो?

बहुतेक मुलं ठणठणीत असतात, पण धोका वाढतो. अशा नात्यात एकाच पूर्वजाकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता जास्त असते. साडेतीन लाखांहून अधिक लोकांवरच्या २०१५ च्या अभ्यासाचा अंदाज असा की सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलांची उंची सरासरी १.२ सेंमी कमी आणि शिक्षण सुमारे १० महिन्यांनी कमी असतं. घराण्यात मतिमंदत्व, बहिरेपण किंवा लहानपणीच दगावलेली मुलं असतील, तर लग्नाआधी जनुकीय समुपदेशन घ्या.

पहिलं मूल जास्त हुशार असतं का?

सरासरी एक-दोन गुणांनी. नॉर्वेतल्या माहितीत थोरलं भावंड तान्हेपणीच गेल्यामुळे थोरलेपण ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांचे गुण थोरल्यांसारखेच निघाले. म्हणजे कारण गर्भात नाही, घरातल्या जागेत आहे.

मुलाची चाचणी करायची तर काय पाहावं?

चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, एकास एक बसून, मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी. मराठीत वाढलेल्या मुलाची इंग्रजीतून शब्दसंग्रह चाचणी घेतली, तर इंग्रजीचा सरावच मोजला जातो. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेली बिने-कामत चाचणी आणि नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीवरून बेतलेली चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. बिने-कामतमध्ये मानसिक वयाला (मुलाची उत्तरं सरासरी ज्या वयाच्या मुलांसारखी असतात, त्या वयाला) खऱ्या वयाने भागून १०० ने गुणतात: ८ वर्षांच्या, म्हणजे ९६ महिन्यांच्या मुलाचं मानसिक वय ७२ महिने आलं, तर बुद्ध्यांक ७५. दोन्ही चाचण्यांचे निकष जुने आहेत आणि गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत आल्यामुळे निकष जुने असले की गुण फुगून येतात. म्हणून अहवालात चाचणीचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली असायलाच हवी.

एकच आकडा स्वीकारू नका, टप्पा मागा. चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी गुण किती सारखे येतात त्याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९५ असली तरी ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ६-७ गुण वर आणि ६-७ गुण खाली असतो. ९२ म्हणजे ८५ ते ९९. झोप न झालेलं, तापातून उठलेलं, कमी ऐकू येणारं किंवा चष्म्याची गरज असलेलं मूल कमी गुण आणतं. कान आणि डोळे आधी तपासा. बौद्धिक अक्षमतेचं निदान नुसत्या बुद्ध्यांकावर होत नाही. जेवणं, कपडे घालणं, पैसे ओळखणं, एकट्याने दुकानात जाणं ही कौशल्यंही तपासावी लागतात.

आयव्हीएफमध्ये हुशार गर्भ निवडता येतो का?

दहा गर्भांमधून सगळ्यात वरच्या गुणांकाचा निवडला, तर सरासरी फायदा सुमारे अडीच गुणांचा, असा २०१९ चा हिशेब आहे. तोही युरोपीय वंशाच्या माहितीवर आणि दहा चांगले गर्भ मिळाले तर. चाचणीतली मोजमापाची चूकच त्याहून मोठी असते. भारतात २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार गर्भ रुजवण्याआधीची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी करता येते. कुणी बुद्धीसाठी ती देऊ करत असेल, तर ते कायद्याबाहेरचं आहे.